कोरड्यावरची होडी

वाळूवर ओढून ठेवलेली ती जुनी शिडाची होडी घ्यावी की नाही, हे ठरवायला आम्ही नवरा-बायको खाडीवर गेलो होतो. निवृत्त झाल्यापासून माझ्या डोक्यात हेच खूळ. नारळ पारखावा तशी मी एकेक फळी वाजवून पाहत होतो, तर दोन फळ्यांच्या फटीतून पलीकडचं ऊन दिसलं.

"ही तर चाळण झालीय, काका," मी होडीच्या म्हाताऱ्या मालकांना म्हणालो.

ते हसले. "कोरड्यात पडून भेगाळलीय. पाण्यात सोडा. दोन दिवस पाणी उपसावं लागेल, मग लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात."

म्हणजे पाण्यापासून दूर राहिल्यामुळेच ती गळकी झाली होती. मला घरची पेटी आठवली. बिघडू नये म्हणून मी ती कापडात बांधून कपाटावर ठेवली, आणि आता तिचे निम्मे सूर बोलत नाहीत. माझे गुडघेही मी असेच जपत आलोय.

वळून पाहिलं तर वाळूत फक्त बायकोच्या चपला होत्या. ती होडीत चढून सुकाणू धरून बसली होती.

"अहो," ती वरून म्हणाली, "बादल्या दोन घ्या. दोघं मिळून उपसू."