रांजणावरचा अंगठा

संग्रहालयात सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. ते गाईड होते. बोलायला लागले की समोरचा माणूस आपोआप हात मागे बांधून उभा राही, म्हणून मास्तर. कोणत्या राजाने कोणाचा काटा काढला, कोणती राणी कोणत्या जिन्यावरून पडली, आणि ती पडली की पाडली, हे सगळं ते असं रंगवून सांगत की जणू त्या वेळी स्वतः शेजारच्या खोलीत कान लावून बसले होते. जिभेला हाड नाही म्हणतात ते अशांच्याच. पण एक गोष्ट मात्र या बोलघेवड्या माणसाच्या तोंडून काही केल्या बाहेर पडत नव्हती. आपलं पोट बिघडलंय, ही.

सुरुवात पित्ताशयातल्या खड्यांपासून झाली. खडे दुखायला लागले, ऑपरेशन झालं, पित्ताशय खड्यांसकट बाहेर आलं. डॉक्टरांनी बाटलीत घालून खडे दाखवले, तेव्हा मास्तरांनी गुंगीतसुद्धा सवयीने विचारलं, "कोणत्या काळातले?" डॉक्टर हसले. म्हणाले, पित्ताशय म्हणजे नुसती पिशवी हो, नसली तरी काही अडत नाही, महिनाभराने सगळं खा. ज्याची पिशवी जाते त्याचं काय अडतं, हे पिशवी काढणाऱ्याला कोण सांगणार? बहुतेकांचं खरंच काही अडत नाही. मास्तरांचं अडलं. टाकी काढून टाकली आणि नळ तसाच चालू ठेवला, तर घरात जे होईल ते त्यांच्या आतड्यात होऊ लागलं. पित्त साठायला जागा नाही, म्हणून ते वेळी-अवेळी गळत राही. घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच खालून बोलावणं येई, आणि ते बोलावणं 'सवडीने या' अशा सुरातलं नसे.

ऑपरेशननंतर दाखवायला गेले तेव्हा दवाखान्याचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर पेशंटांची रांग, आणि रांगेत पहिलीच शेजारची काकू. ही बाई ऐकायला कमी येतं म्हणून कान टवकारून बसायची आणि ऐकलेलं मात्र गावभर पोचवायची. डॉक्टरांनी फाइलमधून मान वर न काढता विचारलं, "सगळं ठीक ना?"

"एकदम ठीक," मास्तर म्हणाले.

"छान. पुढचे."

पुढच्या खेपेलाही तेच झालं. त्यानंतर मास्तर गेलेच नाहीत. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण ज्याने केली त्याला निदान जावई तरी होता. मास्तरांना होती एक बायको आणि एक थोरली बहीण. बायकोच्या लक्षात सगळं आलं होतं, कारण घरात संडास एकच होता. "डॉक्टरला सांगा," असं ती रोज सांगे, आणि "सांगतो," असं ते रोज म्हणत. बहिणीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं, पण तिला वासच लागला. ती फोनवर इलाज सांगू लागली. आज नुसती केळी खा. दुसऱ्या दिवशी, केळी अजिबात खाऊ नकोस, कोणी सांगितलं तुला? मग गरम पाणी, मग गार पाणी, मग पाणीच नको. शेवटी मास्तरांनी स्वतःच अक्कल चालवली आणि कामावर जाताना काहीच खायचं नाही असं ठरवलं. दिवसभर उपाशी राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन दुष्काळातून आल्यासारखं जेवायचं. याचा परिणाम काय होई ते सांगत नाही. वाचणाऱ्याचंही जेवण व्हायचं असेल.

उपाशी राहूनही कळ यायची ती यायचीच. आता संग्रहालयाची इमारत पाहा. दोन मजले, लांबलचक दालनं, संगमरवरी जिना, आणि एवढ्या पसाऱ्यात चालू शौचालय एकच. तळमजल्यावर, मागच्या बोळात. वरच्या मजल्यावर दुसरं होतं, पण त्यात रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या भरून कुलूप लावलेलं होतं. पूर्वजांनी हजार वर्षांपूर्वी सांडपाण्याची सोय किती उत्तम केली होती, याची सुंदर प्रतिकृती त्याच कुलपाशेजारी मांडलेली होती.

मास्तरांची फेरी हळूहळू या भूगोलाप्रमाणे वाकू लागली. वरच्या मजल्यावरची शस्त्रं ते जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून तोंडीच दाखवू लागले. नाण्यांचं दालन दुरुस्तीसाठी बंद झालं; दुरुस्ती काय ते मास्तरांनाच ठाऊक. लढाया आखडल्या, राजघराणी एका दमात संपू लागली. आणि सगळा इतिहास, कुठूनही सुरू झाला तरी, मागच्या बोळात येऊन थांबू लागला.

त्या बोळात शौचालयाच्या दारालगत एक रांजण होता. मातीचा, काठाला टवका उडालेला. 'साठवणीचे भांडे' एवढीच चिठ्ठी. दुसरीकडे ठेवायला जागा नाही म्हणून तो तिथे होता, नाहीतर त्याला कोणी पानसुपारीलाही विचारलं नसतं. एके दिवशी मास्तरांना ऐन बोळात जोराची कळ आली. मागे शाळेच्या बाईंसकट अख्खा घोळका. "मी जरा जाऊन येतो," हे एवढं साधं वाक्य. कुणीही म्हटलं असतं. मास्तरांच्या तोंडून भलतंच आलं.

"या रांजणावर," ते म्हणाले, "तो घडवणाऱ्या कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा आहे. कुठे आहे ते मी सांगणार नाही. तुम्ही शोधा. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, आणि माझ्याकडे बघायचं नाही."

घोळका रांजणाभोवती वाकला. मास्तर दारामागे गेले. परत आले तेव्हा चिडीचूप शांतता होती, आणि एक जण पुटपुटला, "सापडला." लगेच दुसऱ्याला सापडला. मग सगळ्यांनाच सापडला, प्रत्येकाला वेगळ्या जागी. मास्तर म्हणाले, "शाबास."

ठसा नव्हता. मास्तरांनी नंतर भिंग घेऊन स्वतः शोधला होता, कारण एवढ्या लोकांना सापडतो म्हटल्यावर त्यांचाही थोडा विश्वास बसायला लागला होता. पण मातीत माती होती, बस. तरी युक्ती चालली, आणि चालली म्हणजे धावत सुटली. लोक सोन्याच्या मुकुटापुढून जांभया देत जात आणि रांजणापुढे डोळे पुसत. एका निवृत्त गृहस्थांनी सांगितलं की त्यांना त्या अंगठ्यात आपल्या वडिलांचा अंगठा दिसला. शाळा आधी फोन करून विचारू लागल्या, रांजण दाखवणार ना? मास्तरांना मनातून लाज वाटे. पण लाज आणि कळ यांची झुंज लागली की कोण जिंकतं, हे ज्याला पोट आहे त्याला माहीत आहे.

आपलाच शहाणपणा आपल्याच अंगाशी येतो तो असा. संग्रहालयाच्या संचालकबाई नव्या होत्या आणि त्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, तुम्ही चिखलातून माणिक काढलंत. एवढी मोलाची वस्तू आणि ती संडासाशेजारी? आपण रांजण वर नेतोय. मधल्या दालनात, काचेत, वरून दिवे."

मास्तरांच्या पोटात गोळा आला, आणि तो नेहमीचा नव्हता. "बाई, वर ऊन फार येतं."

"पडदे लावू."

"ओझं फार आहे हो. जिन्यावर फुटला तर?"

"चार माणसं सांगितली आहेत."

"त्याला बोळातल्या गारव्याची सवय आहे."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, तुम्ही किती जीव लावलाय त्या रांजणाला. म्हणूनच ठरवलंय, यापुढे तुम्ही फेऱ्या करायच्याच नाहीत. दिवसभर वर रांजणाजवळच बसायचं. तुमच्या नावाची खुर्ची ठेवतो. आणि त्या जागेवर तुम्हाला बसायचं नसेल तर स्पष्ट सांगा, बाहेर पुष्कळ मुलं आहेत बोलणारी."

खरं सांगायची हीच वेळ होती. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि उघडलेल्या तोंडातून "बरं" बाहेर पडलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर लाज जाते, ठशाचं खोटं बाहेर पडतं; न सांगावं तर रोज वरच्या मजल्यावर, भर दालनात, खुर्चीवर फजिती ठरलेली. घरी बायको म्हणाली, "अहो, नोकरी गेली तरी चालेल, पण एकदा तरी तोंडाने सांगा कोणाला. किती दिवस असं कुढत बसणार?" मास्तर म्हणाले, "बघू." नवरा 'बघू' म्हणाला की काय समजायचं ते तिला समजलं.

रांजणाच्या नव्या जागेचं उद्घाटन ठरलं. आधी जेवण होतं, आणि मास्तर उत्सवमूर्ती असल्याने बाईंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. तळलेलं, तुपातलं, वर लोण्याचा गोळा. "घ्या हो, संकोच कसला?" मास्तरांनी पानात इकडचं तिकडे केलं, पण बाईंची नजर हटेना, तेव्हा खाल्लं. मग सगळे वर गेले. दालन माणसांनी भरलेलं. काचेत रांजण दिव्यांखाली झगमगत होता आणि शेजारी गादीची खुर्ची होती. बाईंनी नव्या विश्वस्तांची ओळख करून दिली. पुढच्या रांगेतून एक गृहस्थ उठून उभे राहिले. ते मास्तरांचे डॉक्टर होते. पित्ताशय काढणारे तेच.

मास्तरांच्या हातात माइक आला. त्यांनी कसंबसं ठरलेलं वाक्य म्हटलं, कुंभाराचा अंगठा वगैरे, शोधा, बोलू नका, आणि सवयीने वळून निघाले. बाईंनी दंड धरला. "आज नाही जायचं कुठे. फोटो आहेत."

तोवर डॉक्टर काचेपाशी गेले होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, मान तिरकी केली. सगळं दालन त्यांच्याकडे बघत होतं. "हा काय," ते म्हणाले, "अगदी स्पष्ट आहे."

टाळ्या पडल्या. त्याच क्षणी मास्तरांच्या पोटातून जो आवाज निघाला तो पोटाशी धरलेल्या माइकने सगळ्या दालनाला ऐकवला. टाळ्या थांबल्या. मास्तरांना दरदरून घाम फुटला. खाली जायचा जिना लांब होता, आणि तो रोज चढून यायचा होता. कायमचा.

"ठसा नाही," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "कधीच नव्हता. मला जुलाब होतात. डॉक्टरसाहेब, तुम्ही पित्ताशय काढल्यापासून रोज होतात. रांजण शौचालयाशेजारी होता म्हणून मी लोकांना ठसा शोधायला लावून आत जायचो. एवढाच त्याचा इतिहास. आता मला जाऊ द्या."

त्यांनी माइक बाईंच्या हातात दिला आणि धावले. संगमरवरी जिन्यावरून कोणी पडलं की पाडलं याची चर्चा पुढे होऊ नये, एवढीच काळजी घेत ते धावले. पोचले, वेळेत.

आत बसल्यावर त्यांना रडू आलं. नोकरी गेली, अब्रू गेली, आणि तरीही छातीवरचं मणाचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, याचा त्यांना रागही आला.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"आत माणूस आहे," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे. मी डॉक्टर." बाहेर खाकरल्याचा आवाज आला. "जेवल्यावर लगेच होतं?"

"जेवण नुसतं बघितलं तरी."

"वजन उतरलंय? रक्त पडतं का?"

"वजन थोडं. रक्त नाही."

"उपाशी राहता ना दिवसभर? आणि रात्री भरपेट? ते बंद करा. थोडं थोडं खा, तेलतूप कमी. उद्या या, नीट तपासू. यावर पावडर मिळते, पित्त बांधून ठेवणारी. सगळ्यांनाच लागू पडत नाही, पण बऱ्याच जणांना पडते. अहो, इतके महिने सोसलंत. सांगितलं का नाही मला?"

मास्तरांनी थोडा विचार केला. दार मध्ये होतं म्हणून बोलणं सोपं जात होतं. "तुम्ही विचारलंत, सगळं ठीक ना. दार उघडं होतं. बाहेर सगळे बसले होते."

बोळात नळ ठिबकत होता. मग डॉक्टर दाराच्या अगदी जवळ आले असावेत, कारण आवाज एकदम खाली आला.

"मास्तर, तो ठसा खरंच नाही?"

"नाही."

"मला वाटलंच. मला काही दिसला नव्हता."

"मग 'हा काय' म्हणालात ते?"

"सगळे बघत होते हो."

मास्तर हसले. जपून हसावं लागत होतं, तरी हसले. बाहेर डॉक्टरही हसत असल्याचं त्यांना ऐकू आलं. मग त्यांनी भीत भीत विचारलं, "बाई काय म्हणाल्या? उद्यापासून येऊ की नको?"

"येऊ की नको म्हणजे काय, यायचंच. वरचं शौचालय मी उद्या उघडायला लावतो, विश्वस्त कशाला झालोय? आणि बाई म्हणाल्या, मास्तर मोठे विनोदी आहेत."

"म्हणजे? कोणाला खरं वाटलंच नाही?"

"मी निघालो तेव्हा सगळे परत काचेला नाक लावून उभे होते," डॉक्टर म्हणाले. "आणखी दोघांना सापडला."