ताट समोर आल्यावरच सुई

लातूरच्या ट्यूशनच्या भागात शांतम्माची मेस विचारली, तर कुणीही हात करून दाखवतं. डॉक्टर व्हायचं म्हणून नांदेड, परभणी, देगलूरहून आलेली पोरं-पोरी तिच्याकडे दोन्ही वेळा जेवतात. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि रविवारी धपाटे. शांतम्मा मूळची उदगीरकडची. राग आला की ती मराठी सोडून कानडीत शिरते, आणि मग भाजी चिरणाऱ्या बायाही गप्प होतात. पोरांना मात्र ती मावशी. पेपर वाईट गेलेली पोरगी जेवायला आली नाही, तर डबा घेऊन स्वतः तिच्या खोलीवर जाणारी.

एवढ्या लोकांना वेळेवर जेवू घालणाऱ्या या बाईचं स्वतःचं जेवण घड्याळाला बांधलेलं होतं. पंचेचाळिशीत साखरेचा आजार निघाला, पुढे गोळ्यांनी भागेना म्हणून इन्सुलिन सुरू झालं. त्याचंही तिला काही वाटलं नाही. पोटाला सुई टोचून ती लगेच तव्यावर भाकरी टाकायची. मेसच्या रोजच्या वेळा कधी हलत नव्हत्या, म्हणून सगळं सुरळीत होतं.

बिघडलं ते बिदरच्या लग्नात. पुतणीचं लग्न, गोरज मुहूर्त. त्या काळी तिला सकाळ-संध्याकाळचं ठरलेलं इन्सुलिन होतं. ते घेतलं की अर्ध्या तासात जेवावंच लागायचं. अक्षता पडल्या की पंगत बसणार, म्हणून तिनं सुई घेतली आणि वरात काही मारुतीच्या देवळापासून हलेना. बँडवाले वाजवत राहिले, नवरदेवाचे मित्र नाचत राहिले. शांतम्मा मांडवात उभ्या उभ्या घामानं भिजली, समोरच्या बाईला काहीतरी भलतंच बोलली आणि खाली कोसळली. दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा नवरा शिवमूर्ती उशाशी बसला होता. हा माणूस कधी रडत नसे. त्या दिवशी त्याचे डोळे लाल होते.

त्यानंतर शांतम्मानं लातूर सोडलं नाही. मुलगी तनुजा कॅनडात शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली, हुबळीच्या एका मुलाशी तिनं तिथंच लग्न केलं. शांतम्मानं अक्षता फोनवर टाकल्या. नात झाली, ऋतुजा. बाळंतपणाला तनुजाच्या सासूबाई हुबळीहून गेल्या. "अव्वा, तू यायला पायजे होतंस," एवढं तनुजा एकदाच म्हणाली. परत तिनं तो विषय काढला नाही.

या वर्षी तनुजाला पुन्हा दिवस गेले. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालेलं, त्यांना जाता येणार नव्हतं.

"मग कसं करनार तुम्ही?" शांतम्मानं फोनवर विचारलं.

"आम्ही बघू काहीतरी," तनुजा म्हणाली.

ते 'बघू काहीतरी' शांतम्माला झोंबलं. आपल्या लेकीनं आपल्याला मोजायचंच सोडून दिलंय, हे तिला त्या क्षणी कळलं. हातातली कणीक तशीच राहिली.

"मी येते," ती म्हणाली.

पलीकडून तनुजाचा बारीक आवाज आला, "खरंच येशील, अव्वा?"

बोलून तर गेली, पण दुसऱ्या दिवशीपासून तिला धास्ती भरली. शेवटी ती डॉक्टर लुंबिनीकडे गेली. ही लुंबिनी भोकरची. बारावीत असताना शांतम्माच्याच मेसमध्ये दोन वर्षं जेवलेली, आता लातुरातच साखरेचे पेशंट बघायची. बिदरच्या प्रकारानंतर शांतम्माचं जुनं इन्सुलिन तिनंच बदललं होतं.

"मावशी, भीती नेमकी कशाची वाटते?" लुंबिनीनं विचारलं.

"आपली रात्र म्हंजे तिकडं सकाळ म्हणं. विमानात तर कोणता वार हाय तेबी कळत न्हाई. मग सुई कवा घ्यायची? एक चुकली की बिदर झालंच म्हणून समजा."

लुंबिनी हसली नाही. खुर्ची ओढून जवळ बसली. "हे बघा, तुमची औषधं दोन. रात्री नऊला घेता ते दिवसभर हळूहळू काम करत राहतं. त्याचा जेवणाशी संबंध नाही. ते लातूरच्या वेळेवरच ठेवायचं. इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तनुजाकडे सकाळचे साडेअकरा असतात. तिकडे असेपर्यंत रोज साडेअकराला घ्या, परत आलात की आपोआप रात्री नऊ. मध्ये काही बदलायचंच नाही."

"दिवसा घेतलेलं चालतंय?"

"औषधाला काय कळतं बाहेर ऊन आहे की अंधार?"

"आन् जेवणाचं?"

"त्याला घड्याळच नाही. ताट समोर आल्यावरच सुई. गाडा दिसला म्हणून नाही, वास आला म्हणून नाही. ताट समोर, झाकण उघडलेलं. प्रवासात साखर थोडी वर राहिली तरी चालेल, पण खाली नको. काही तासांनी तपासत राहा." मग तिनं बजावलं, की इन्सुलिन लागेल त्याच्या दुप्पट घ्यायचं आणि सगळं हातातल्या पिशवीत ठेवायचं, खाली सामानात गोठलं तर वाया जातं. "आणि मावशी, हे तुमच्यापुरतं. मेसमध्ये दुसऱ्या कुणाला सांगत बसू नका. ज्याचं त्याचं वेगळं असतं."

घरी आल्यावर शांतम्मानं शिवमूर्तीला सगळं सांगितलं. तो भाजीच्या पोत्याचं तोंड सोडत होता. "जा तू," तो म्हणाला. "भाकऱ्या तुळजाबाई थापील." तुळजाबाई ही त्याची बहीण. तिच्या भाकरीला शांतम्मा आजवर नावं ठेवत आली होती, पण यावेळी तिनं निमूट मान डोलावली.

हैदराबादच्या विमानतळावर शिवमूर्तीला आत सोडलं नाही. ती पिशवी छातीशी धरून एकटीच आत गेली. फोनवर "हाव, हाव, बसले, तुम्ही आता निघा" असं चाललेलं असताना शेजारच्या खुर्चीवरच्या बाई वळल्या. सलवार-कुर्ता, डोक्यावर ओढणी, हातात कडं.

"बोलण्यावरनं आपल्याकडच्या वाटता. कुठल्या?" बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या.

"लातूर. तुम्ही?"

"नांदेड. गुरुद्वाऱ्याच्या मागं आमचं कापडाचं दुकान हाय. मी प्रेम कौर. भावाकडं निघाले, कॅनडात, टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला."

"माझी लेकबी तिथंच ऱ्हाती की!" शांतम्माला इतकं बरं वाटलं, की तिनं लगेच पिशवीतला धपाटा काढून पुढे केला.

आखाती देशात विमान बदलायचं होतं. तिथं प्रेम कौरनं काउंटरवर बोलून दोघींच्या जागा शेजारी शेजारी करून घेतल्या. दुसरं विमान सकाळी उडालं. सूर्याच्या मागंमागं जाणार म्हणून सबंध प्रवास उजेडातच होणार होता. शांतम्मानं मनगटावरचं घड्याळ लातूरच्या वेळेवरच ठेवलेलं. प्रेम कौरला तिनं आपल्या आजाराचं सगळं सांगून टाकलं, बिदरचंही. शेजारच्या माणसाला सांगून ठेवा, असं लुंबिनी म्हणालीच होती.

जेवणाचे गाडे निघाले तेव्हा तिला सडकून भूक लागली होती. मशीनवर साखर बघितली, ठीक होती. गाडा सरकत सरकत पुढच्या रांगेपाशी आला. गाड्यामागच्या हवाईसुंदरी पोरीनं शांतम्माकडे बघून विचारलं, "व्हेज?" शांतम्मानं मान हलवली. आता आलंच की! इतक्या वर्षांची सवय; स्वयंपाक तयार दिसला की हात सुईकडे जायचा. तिनं पदराआडून पोटाला सुई टोचली.

आणि विमान खाली बसलं.

पाळणा वरून एकदम सुटावा तसं. कुणीतरी किंचाळलं. घंटा वाजली, पट्टे बांधायचे दिवे लागले आणि तो गाडा, शांतम्मापासून हातभर अंतरावरचा गाडा, पोरींनी घाईघाईनं मागं ओढत नेला. पडद्यामागं गेला सुद्धा. विमान खडबडीत रस्त्यावरच्या एसटीसारखं हादरायला लागलं.

"आता देतील पाच मिनिटांत," प्रेम कौर म्हणाली.

शांतम्मा पडद्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा बघून प्रेम कौरनं तिच्या हाताकडे बघितलं. हातात इन्सुलिनचं पेन होतं.

"घेतलं?"

"घेतलं," शांतम्मा पुटपुटली. "मांडवातल्यावानीच झालं बघा."

क्षणभर तिचं डोकं बधिर झालं. तोच बँड कानात वाजायला लागला. पण एक गोष्ट वेगळी होती: या वेळी काय होणार आहे ते तिला आधीच ठाऊक होतं, आणि ते व्हायच्या आत हाताशी वेळ होता. तिनं पिशवीची चेन उघडली. लुंबिनीनं सांगितलं होतं तसं तिनं सगळं वरच ठेवलेलं. ग्लुकोजची पुडी सापडली, पण पाणी ओतायची सोय नाही. तिनं पुडी तशीच तोंडात रिकामी केली. पांढरी भुकटी हनुवटीवर, पदरावर सांडली.

"हे घ्या, हे घ्या." प्रेम कौरनं सकाळी जपून ठेवलेला फळांच्या रसाचा डबा फोडून तिच्या ओठाशी धरला. "गटागटा प्या, ताई."

रस पिऊन झाला तरी थोड्या वेळानं घाम सुटलाच. मान ओली झाली, जीभ जड पडली. मशीननं अठ्ठावन्न दाखवलं. प्रेम कौरनं वरचं बटण दाबलं, आणि पट्टा बांधून बसलेल्या पोरीला इंग्रजीत ओरडून सांगितलं. ती पोरगी हादऱ्यांतून धरत धरत आली, साखरेच्या पुड्या आणि पाव देऊन गेली. शांतम्मानं आणखी साखर खाल्ली. मग पाव चावून चावून खाल्ला. प्रेम कौर एका हातानं तिचा हात धरून बसली होती, आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, "तुमच्या गावाचं नाव सांगा बरं." शांतम्मा बरळते का, ते तिला बघायचं होतं.

"लातूर," शांतम्मा म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती चिडली. "सांगितलं की एकदा!"

"वा! चिडलात म्हंजे ठीक हाय."

पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासलं. पंच्याण्णव. बाहेर ढग मागं पडले आणि विमान एकदम गुळगुळीत चालायला लागलं. गाडा परत आला. झाकण उघडलं तर भात आणि राजमा.

"आता परत सुई?" प्रेम कौरनं घाबरत विचारलं.

"न्हाई वो. मघाचीच याच्यासाठी हाय," शांतम्मा म्हणाली आणि जेवायला लागली. राजमा सपक होता. तिनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, दोघींच्या ताटात वाढली. जेवता जेवता तिला हसू यायला लागलं, थांबेचना. प्रेम कौरलाही हसू आलं. पलीकडचा माणूस कानातली वायर काढून दोघींकडे बघत राहिला.

इतकी वर्षं जिला भीत होती ती गोष्ट होऊन गेली होती, तीही जमिनीपासून मैलभर नव्हे, कितीतरी मैल वर. आणि ती शुद्धीवर होती, जेवत होती.

लातूरचे नऊ वाजायला आले तेव्हा खिडकीतून ऊन थेट मांडीवर पडलं होतं. रात्रीच्या सुईसाठी पेन हातात घेतलं आणि ती अडखळली. मघाशी साखर पडली होती. आता ही नकोच का? पण लुंबिनीचं बोलणं आठवलं: हिचा जेवणाशी संबंध नाही. काही झालं तरी ही चुकवायची नाही. मशीन लावून बघितलं. साखर उलट थोडी चढलेलीच होती, तेवढ्या ग्लुकोजनं चढणारच. तिनं भर उन्हात रात्रीची सुई घेतली, आणि मान मागं टाकून झोपून गेली. विमान उतरताना प्रेम कौरनं हलवून उठवलं.

टोरंटोच्या विमानतळावर तनुजा उभी होती. मोठं पोट, सुजलेले पाय, डोळ्यांत पाणी. "अव्वा, साखर किती आहे?" हा तिचा पहिला प्रश्न.

"बरी हाय. वाटेत पडली होती."

"पडली? विमानात? मग?"

"मग काय, खाल्लं आन् चढली." शांतम्मा लेकीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली. "तू का रडतीस? मी उभी हाय की तुझ्यापुढं."

तनुजा रडता रडता हसली. मागून प्रेम कौर सामान ढकलत आली, तिनं तनुजाला पत्ता विचारून घेतला आणि "बाळ झालं की कळवा, शिरा घेऊन येते" म्हणून भावाच्या गाडीकडे गेली.

मुलगा झाला, तिसऱ्या आठवड्यात. तोवर शांतम्मानं तिथल्या स्वयंपाकघरात आपली घडी बसवलेली. रोज साडेअकराला सुई घ्यायला ती खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायची. जेवणाच्या सुईला मात्र ताट समोर आल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तिनं स्वतःला पक्कं बजावलं होतं. शिवमूर्तीला फोन केला की तो आधी साखर विचारायचा, मग नातू, आणि शेवटी हळूच सांगायचा, की पोरं तुळजाबाईच्या भाकऱ्या अर्ध्या टाकून उठतायत.

एकदा ती सुई घेत असताना छोटी ऋतुजा गुडघ्यांवर हात टेकून वाकून बघत होती.

"आज्जी, दुखतं?"

"न्हाई ग. मुंगी चावल्यावानी."

"मग मला पण दे."

"तुला कशाला? तुला धपाटा देते," शांतम्मा म्हणाली, आणि तिला काखेत घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली.