बोटांनी ओळखलेली नाती

सलोनी कुबलची नजर काचबिंदूने लहानपणीच गेली. तिची आई प्रेमलता वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासे विकायची. पोर घरात एकटी नको म्हणून ती तिला सोबत न्यायची, आणि सलोनी जाळ्यातून झटकलेले शंख-शिंपले चाचपत बसायची. पिळाचे एका बाजूला, दोन झाकणांचे दुसऱ्या बाजूला. पुढे शाळेत कळलं की असे गट शास्त्रज्ञही करतात आणि त्यांना नावं आहेत. तेव्हा तिला इतका आनंद झाला की घरी येऊन तिने आईला सगळी नावं दोनदा ऐकवली.

बारावीनंतर तिने प्राणिशास्त्रच घेतलं. थिअरीचे पेपर लेखनिक घेऊन सुटत होते. अडचण शेवटच्या वर्षीच्या प्रात्यक्षिकाची होती. समोर ठेवलेला प्राणी ओळखायचा, त्याचा संघ, वर्ग सांगायचा. प्राणी सगळे फॉर्मॅलिनच्या बरण्यांत.

"तुला या परीक्षेतून सूट मागू या का?" प्राणिशास्त्राच्या विनीता मॅडमनी विचारलं.

"सूट नको मॅडम. बरणीऐवजी हातात द्या. बाकी प्रश्न इतरांना विचाराल तेच विचारा."

मॅडमना ते पटलं. मग त्यांनीच विद्यापीठात खेटे घालून परवानगी आणली : वाळवलेले नमुने आणि तोंडी उत्तरं.

आईचा जीव मात्र खालीवर. "गो सलू, जमतला मां तुका?"

"जमतला गो. तू बाजारात जा."

परीक्षक डॉ. कौस्तुभ दामले बाहेरून आले होते. त्यांनी आधी कवडी दिली. सलोनीने खालच्या फटीचे दात चाचपले. "मृदुकाय संघ. उदरपाद, गोगलगायीचा वर्ग." मग पाच हातांचा खरखरीत तारामासा. "कंटकचर्मी." ते नुसतं हं म्हणाले.

तिसऱ्या वेळी हातात एक धोंडा आला, त्यावर घट्ट चिकटलेले छोटे टोकदार उंचवटे. खडकाला चिकटणारी, टोपीसारखी गोगलगाय असते. तिचं नाव सलोनीच्या ओठांवर आलंच होतं. तिने ते गिळलं आणि पुन्हा नख फिरवलं. गोगलगायीची टोपी अखंड असते. इथे भिंत तुकड्यातुकड्यांची होती, वर तोंड उघडं, आत इवलीशी झाकणं.

"हा मृदुकाय नाही," ती म्हणाली. "बार्नेकल आहे. संधिपाद संघ, कवचधारी."

"नक्की? कवच तर शंखासारखं आहे."

"म्हणूनच बराच काळ याला शंख-शिंपल्यांत धरत होते, सर. पण अंड्यातून निघालेलं पिल्लू सांध्यासांध्यांच्या पायांनी पोहतं. मोठं झाल्यावर डोकं खडकाला चिकटवतं आणि पाय बाहेर काढून अन्न ओढतं. ते पिल्लू पाहिलं तेव्हा लोकांना कळलं, हा कोळंबीच्या नात्यातला."

डॉ. दामले मोठ्याने हसले. "हा धोंडा मी मुद्दामच आणला होता. सकाळपासून बहुतेकांनी याला शंख म्हटलंय. शाब्बास!"

दारात उभ्या असलेल्या विनीता मॅडमनी चक्क टाळी वाजवली.

निकाल लागला, प्राणिशास्त्रात सलोनी कॉलेजात पहिली. ती थेट बाजारात गेली. प्रेमलता गिऱ्हाईकाला सुरमई कापून देत होती. ऐकल्यावर तिने कोयता खाली ठेवला.

"आज माजो माल संपलो," तिने जाहीर केलं, आणि पाटीतली उरलेली सगळी सुरमई घरी आणली. विकायचा मासा त्या घरात कधी शिजत नसे. त्या दिवशी शेजारपाजारीही जेवले.

सलोनीने पुढे एम.एस्सी. केलं, प्राध्यापकपदाची परीक्षा दिली आणि विनीता मॅडम निवृत्त झाल्या त्या वर्षी त्याच विभागात रुजू झाली. पहिल्या तासाला तिने पांढरी काठी फळ्याला टेकवली, तिसऱ्यांचे शिंपले, कालवं, खेकडे, शंख टेबलावर ओतले आणि म्हणाली, "या सगळे पुढे. यातलं कोण कोणाचं, ते आज आपण शोधायचंय."

बाकं सरकल्याचा आवाज झाला. सगळा वर्ग टेबलाभोवती जमला होता.