सरडीवरचा दिवा

आमच्या संशोधन केंद्रात सरड्यांची खोली आत्या सांभाळायची. माझी ती कोणी लागत नव्हती, पण शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचीच आत्या. तोंडाने फटकळ. काचेच्या पेट्या पुसता पुसता सरड्यांनाही झापायची, "आवरा रे, किती हा पसारा!"

तिथे एकाच जातीच्या दोन तऱ्हा होत्या. सखल भागातल्या सरड्या मातीत अंडी घालत, थंड डोंगरावरच्या मात्र जिवंत पिल्लं देत. साहेबांनी एकदा तिला सांगितलं, की थंड मातीत अंडी मरायची. ज्या माद्या ती जास्त दिवस पोटात ठेवून उन्हाला बसल्या, त्यांचीच पिल्लं जगली. असं लाखो वर्षं चालत चालत अंड्याचं बाळंतपण झालं.

"म्हणजे हे लचांड थंडीनं आमच्या गळ्यात मारलं म्हणा की!" आत्या हसली आणि लगेच पाठ फिरवून पेटी पुसू लागली. तिच्या लेकीची दोन मुलं पोटातच गेली होती. तिला आता तिसऱ्यांदा दिवस होते.

त्याच सुमारास डोंगरावरची एक सरडी गाभण होती. हिचं सुखरूप झालं की लेकीचंही होणार, असं आत्याने मनाशी घेतलं. "काहीतरीच काय, आत्या!" मी म्हटलं. तिने ऐकलं नाही.

मग कडाक्याची थंडी पडली. घरी निघताना तिला राहवेना. तिने पेटीवर दिवा लावला, वरून फडकं टाकलं आणि गार पडलेला दगडही बाहेर काढला. ऊब नकोशी झाली की सरडी त्याच दगडाखाली शिरायची. सकाळी पेटी भट्टीसारखी तापलेली, आणि आत पातळ, आरपार दिसणाऱ्या पिशव्यांत पिल्लं मरून पडली होती. शेजारी आईही.

साहेब रागावले नाहीत. ते तिला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात लेकीचंही गेलं. डॉक्टर म्हणाले, दोष कुणाचाच नाही. मीही घसा सुकेपर्यंत तेच सांगितलं. आत्या म्हणाली, "दिवा मीच लावला ना?"

मी भेटायला गेले तेव्हा लेक आतल्या खोलीत पडून होती. आत्या दाराबाहेर बसलेली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आतून आवाज आला, "आई, थंडी वाजतेय गं. पांघरूण घाल ना."

आत्या उठली नाही. मला म्हणाली, "तू घाल. माझा हात नको."

मी घातलं. लेकीने डोळे न उघडता माझा हात धरला. "आई, इथंच बस."

बाहेर आत्याला ते ऐकू गेलं. तरी ती उठली नाही.