विंगेतला प्रॉम्प्टर

क्वीन्सटाउनच्या एका छोट्या कंपनीत सरिता व्हिडिओ गेम घडवायची. २००८ सालीही तिची चित्रं ठोकळ्यांचीच, संगीत पिपाणीसारखं. आणि खेळ सेव्ह करायचा तर त्यातल्या रानातला दिवा गाठायलाच हवा, हा लहानपणच्या खेळांतला नियमही तिला प्राणाहून प्रिय.

"पुंगोल स्टेशन आलं, यंत्र मिटलं की माझा योद्धा मरतो," खेळाचं यंत्र मिटत नवरा, नरेश, कुरकुरला. "एमआरटी ट्रेन तुझ्या दिव्यासाठी थांबते का गं?"

"कुठेही सेव्ह झालं, तर अंधाराला कोण घाबरेल?"

पण प्रवासात खेळता येईना, म्हणून कंपनी तिचा खेळ बंदच करायला निघाली होती.

तेव्हा तिला आईची नाटकं आठवली. छोटी सरिता विंगेत बसायची. शेजारी अंधारात प्रॉम्प्टर उभा असे. आई अडखळली की हलकेच शब्द पुरवायचा. प्रेक्षकांना त्याचा पत्ताही नसे.

आठवड्याने नरेशने एलआरटीच्या छोट्या गाडीतून उतरताना यंत्र मिटलं आणि एमआरटीत बसून उघडलं. योद्धा त्याच काळोखात, तलवार उगारून, जागच्या जागी उभा! पडद्यावर नवं बटण नाही की सूचना नाही; सरिताने केलेल्या बदलामुळे यंत्र मिटताच खेळ ती जागा गुपचूप जपून ठेवत होता.

"आणि मेला तर?"

"तर पुन्हा दिव्यापासून."

नरेशच्या अंगावर काटा आला. श्वास रोखून त्याने योद्ध्याला काळोखात एक पाऊल पुढे नेलं. सरिता बघत राहिली, आईला विंगेतून बघायची तशी.