मावशींनी मागे पाहिले

परवा भूगावात एका तरुणाच्या टी-शर्टवर आमच्या जुन्या भयपटातला चेहरा दिसला. रंगभूषाकार परवडत नव्हता, म्हणून आम्ही चेहरा भाजलेल्या एका मावशींना कोळवणच्या ओल्या भातखाचरात हडळ म्हणून उभे केले होते. “तोंड दिसायचं न्हाई ना? नात आत्ता कुटं जवळ याया लागलीया,” त्या म्हणाल्या. “पाठमोऱ्याच घेणार,” मी शब्द दिला, आणि कॅमेरा सुरू होताच मुद्दाम हाक मारली, “मावशी!” त्यांनी हसून मागे पाहिले. “आलं का रं तोंड?” “नाही,” मी म्हणालो. सिनेमा गाजला तो त्याच हसण्यामुळे. त्यांच्या नातीने ते कधी पाहिले, हे विचारायला मी कोळवणला पुन्हा गेलेलो नाही.