सासऱ्याने केलेली दुरुस्ती

दातांच्या डॉक्टरांना कृत्रिम दात पुरवणारा तो कारागीर. चिनीमातीची पूड पाण्यात कालवायची, बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचे. त्याने केलेला दात खऱ्या दातांच्या ओळीत बसला की शोधून सापडत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

अशा माणसाच्या बायकोचाच पुढचा दात तुटला. ती शिवणकाम करणारी. कात्री हाताशी असली तरी दोरा दातानेच तोडायची. नवऱ्याने दात करून बसवला, तिने टवका उडवला. दुसरा बसवला, त्याचंही तेच. मग ती तोंडावर हात धरून बोलू लागली. जिच्या हसण्याने सगळं दुकान हलायचं, ती गिऱ्हाइकाला मानेने हो-नाही करू लागली. घर कसं मुकं झालं.

सून सासऱ्याच्याच दातांच्या कारखान्यात संगणकावर काम करायची. ती म्हणाली, "आई, झिरकोनियाचा करू. चिनीमातीपेक्षा टणक असतो." तिने सासूच्या तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवली, पडद्यावर दात रेखला आणि यंत्राला कापायला दिला.

सासऱ्याने नाक मुरडलं. "यंत्राला काय कळतंय माझ्या बायकोचं तोंड!"

सून दवाखान्यात गेली तेव्हा त्याने हळूच यंत्राचं झाकण उघडलं. आत खडूसारखा पांढरा दात. चांगला दांडगा! जबड्याच्या साच्यावर धरला, तर शेजाऱ्यांना ढकलून बसेल असा. त्याच्या मनात उकळ्या फुटल्या. पण माणूस मोठ्या मनाचा. पोरीची फजिती कशाला, म्हणून त्याने तो घासून घासून अगदी बेताचा केला आणि जागेवर ठेवून दिला. सून घाईत आली, दात भट्टीत ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सासू दात बसवून घ्यायला कारखान्यात आली. भट्टीतून निघाला तो उंदराच्या पिलाला शोभेल असा दात. सून रडवेली झाली. "माझंच माप चुकलं, आई."

"तुझं नाही गं, यंत्रच नालायक!" सासरा छाती फुगवून म्हणाला. "एवढा मापात घासून ठेवला होता मी!"

सुनेने डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा," सून सावकाश म्हणाली, "भट्टीत आकसतो, म्हणून तो मोठाच कापतात."

त्याचा चेहरा पडला. त्याची स्वतःची पूडही आकसायची. जन्मभर तो दात वाढीवच रचत आला होता.

"अहो," बायको म्हणाली, "धुतल्यावर कापड आटतं म्हणून मीसुद्धा ते जास्त धरते! आणि तुम्ही... भट्टीवाले..." पुढचं तिला बोलवेना. हात तोंडावरून कधीच सुटला होता. भगदाडासकट ती अशी हसली की टेबलावरचे साचे थरथरले.

"दुसरा काप, पोरी," तो म्हणाला. "मी लांब उभा राहतो."

"उंबऱ्याबाहेर, बाबा."

"बरं, बाहेर. रंग तरी बघू देशील?" त्याने रंगांच्या नमुन्यांची पट्टी काढली आणि बायकोच्या तोंडाशी धरली.

"हसू की थांबू?" तिने विचारलं.

"हस. अजून जुळत नाहीये."

रंग मघाशीच जुळला होता. सुनेला ते दिसलं होतं, पण ती पाठ फिरवून पडद्यावर दुसरा दात रेखायला लागली.